नाइटिंगेलबाईंचे गणित



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातल्या एका दिवंगत थोर व्यक्तीची ओळख करून द्यावी, असे आपल्या संपादक मंडळाने ठरवले. आपल्यात इंजिनिअर आहेत, वकील आहेत, शेती करणारे आहेत, दोघे-तिघे शिक्षक झाले, एक जण सरपंच आहे. ते आपापली माणसे निवडतील. मी शाळा सुटल्यावर नर्सिंगला गेले आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्यातच आहे. आधी वॉर्डात, मग सार्वजनिक आरोग्याच्या कामात, आणि आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. तेव्हा मी कोणावर लिहिणार हे तुम्ही ओळखलेच असेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या रांगांमधून फिरणारी बाई, हे चित्र आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. ते खोटे नाही. पण त्या दिव्याच्या उजेडात त्यांचे बाकीचे आयुष्य अंधारात राहून गेले. क्रिमियाच्या युद्धावर त्या होत्या जेमतेम पावणेदोन वर्षे, आणि जगल्या नव्वद वर्षे. मग उरलेली वर्षे त्या काय करत होत्या? तर हिशेब मांडत होत्या. माणसे कुठे मरतात, कशाने मरतात, किती मरतात आणि त्यांतली किती वाचू शकली असती, याचा हिशेब. मी त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगणार आहे. गणिताच्या सरांना ते आवडेल अशी आशा आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला आणि शहराचेच नाव तिला मिळाले. थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी. घराणे इंग्रज, सधन, जमीनजुमल्याचे. इंग्लंडात डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी त्यांची घरे होती. मुलींना विद्यापीठाची दारे बंद असण्याचा तो काळ. पण वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना स्वतः बसून ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. थोरलीला चित्रांची आवड, धाकटीला गणिताची. गणित शिकायला शिक्षक हवा म्हणून तिने घरात हट्ट धरला. लग्न होऊन संसार करायचा, तिथे गणित काय कामाचे, हा आईचा प्रश्न होता. आपल्या आज्यांनी आपल्या आयांना हाच प्रश्न विचारलेला आहे, तेव्हा विलायतेचे नवल वाटायला नको. अखेर घरच्यांनी नमते घेतले.

सतरावे वर्ष चालू असताना, फेब्रुवारी १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असे तिला वाटले. कसली सेवा, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. १८४५ मध्ये तिने घरी सांगितले, की जवळच्या सॉल्झबरीच्या इस्पितळात काही महिने राहून रुग्णसेवा शिकायची आहे. घरात आकांत झाला. त्या काळचे इस्पितळ म्हणजे गोरगरिबांनी मरायला जायची जागा. तिथे काम करणाऱ्या बायका अडाणी, दारू पिणाऱ्या, असाच सर्वत्र समज. मोठ्या घरची मुलगी तिथे जाणे म्हणजे बदनामी. परवानगी मिळाली नाही.

मग तिने एक वेगळाच अभ्यास सुरू केला. पहाटे घर जागे होण्याआधी उठायचे, मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायचे, टिपणे काढायची. न्याहारीच्या वेळी खाली येऊन गुणी मुलीसारखे टेबलाशी बसायचे. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाच्या एका विद्वान, सज्जन माणसाने कितीतरी वर्षे तिची वाट पाहिली. तिलाही तो आवडत होता. १८४९ मध्ये तिने त्याला नकार दिला, कारण त्या संसारात तिचे काम बसत नव्हते. १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझरवर्थ इथल्या संस्थेत तिने तीन महिने प्रशिक्षण घेतले. तिचे रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण म्हणायचे ते एवढेच. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची ती अधीक्षक झाली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड लावून दिले, म्हणून तिला स्वतंत्र राहता आले.

इथून पुढे मी त्यांना बाई म्हणते. आपल्या शाळेत ज्यांच्याविषयी आदर असतो त्यांना बाईच म्हणतात.

१८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरले. लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राचे बातमीदार जखमी शिपायांच्या हालांच्या बातम्या पाठवू लागले आणि इंग्लंडात संताप उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंच्या ओळखीचे होते. त्यांच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिकांना घेऊन २१ ऑक्टोबरला निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ ला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथे पोहोचल्या.

स्कुटारीचे रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. बाईंनी घाई केली नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच रुग्णाला हात लावायचा, असा नियम त्यांनी आपल्या परिचारिकांना घातला. काही दिवसांतच जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांना बोलवावेच लागले. बाईंनी आधी सामानाकडे लक्ष दिले. सदरे, चादरी, चमचे, बशा, घासायचे ब्रश यांतले काहीच पुरेसे नव्हते. टाइम्सने लोकांकडून जमवलेल्या निधीतून आणि स्वतःच्या पैशांतून त्यांनी हे सगळे विकत घेतले. एक घर भाड्याने घेऊन तिथे पाणी तापवायची भांडी बसवली आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामाला लावले. आजाऱ्यांसाठी वेगळे स्वयंपाकघर सुरू केले. रात्री फेरी मारायच्या, तेव्हा हातात घडीचा तुर्की कंदील असे. चित्रांत दिसतो तो समईसारखा दिवा नंतर चित्रकारांनी दिला.

एवढे करूनही माणसे मरतच होती. पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांवर शिपाई गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर उपचार घेणाऱ्या शंभरातले बेचाळीस दगावले. बहुतेकांना मारले ते तोफगोळ्यांनी नव्हे. हगवण, कॉलरा आणि तापाने ते मेले. मार्चमध्ये सरकारने स्वच्छतेची तपासणी करायला एक पथक पाठवले. त्यात डॉ. सदरलँड, डॉ. गॅव्हिन आणि इंजिनिअर रॉलिन्सन होते. त्यांनी पाहिले तेव्हा बराकीखालची गटारे तुंबलेली होती आणि तिथली घाण हवा थेट वॉर्डात येत होती. पिण्याचे पाणी येण्याच्या वाटेवर मेलेला घोडा सापडला. पथकाने गटारे धुऊन काढली, हातगाड्या भरभरून घाण उपसली, भिंतींना चुना मारला, खिडक्या मोकळ्या केल्या. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शंभरी दोनच्या आसपास आले.

माझ्या मते बाईंचे खरे मोठेपण इथून सुरू होते. इंग्लंडात तोवर त्यांच्या नावाने गाणी निघाली होती, मातीच्या बाहुल्या विकल्या जात होत्या. मृत्यू कमी झाले ते बाईंच्या शुश्रूषेमुळे, असेच लोक धरून चालले होते. बाईंना गप्प राहायचे होते तर कोणी काही म्हटले नसते. पण ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मिस स्मिथ असे खोटे नाव घेऊन गुपचूप परतल्या, सत्कार टाळले, आणि कागदपत्रे घेऊन बसल्या. स्कुटारीत मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. किती माणसे गेली हेच ज्यांना सांगता येत नाही, ते ती का गेली हे काय सांगणार?

विल्यम फार हे त्या काळचे मोठे संख्याशास्त्रज्ञ. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात ते काम करत. त्यांच्या मदतीने बाईंनी महिन्यामागून महिना, रुग्णालयामागून रुग्णालय आकडे लावले. उत्तर स्वच्छ निघाले. शुश्रूषा चालू असूनही गटारे साफ होईपर्यंत माणसे मरत राहिली होती, आणि मृत्यू झपाट्याने उतरले ते गटारे साफ झाल्यावर. बाईंनी ते तसेच लिहिले. स्वतःच्या नावावर जमा झालेले श्रेय त्यांनी गटार साफ करणाऱ्यांच्या खात्यावर टाकले. १८५८ मध्ये छापलेला त्यांचा सैन्याच्या आरोग्यावरचा ग्रंथ आठशेहून जास्त पानांचा आहे.

एवढा ग्रंथ मंत्री वाचणार नाहीत हे बाई ओळखून होत्या. म्हणून त्यांनी आकड्यांचे चित्र काढले. एका वर्तुळाचे बारा भाग, एकेक भाग म्हणजे एकेक महिना. जितके मृत्यू जास्त तितकी ती पाकळी मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, बाकीचे काळ्या. निळा रंग इतका पसरलेला दिसतो की खाली एक शब्द वाचायची गरज पडत नाही. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींना रंगीत पेनांनी ही आकृती काढायला लावते. काढता काढताच त्यांना कळते, की युद्धात शत्रूपेक्षा आपल्याच रुग्णालयाने जास्त माणसे मारली.

पुढे बाईंनी शांततेच्या काळातले आकडे काढले. इंग्लंडातल्या बराकींमध्ये राहणारे जवान, म्हणजे निवडून घेतलेले तरुण धट्टेकट्टे पुरुष, बाहेरच्या त्याच वयाच्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. कारणे तीच होती: कोंदट खोल्या, वाईट पाणी आणि गटारांची दुर्दशा. यावर शाही आयोग बसला, बराकी सुधारल्या, सैन्यासाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि आरोग्याच्या आकडेवारीचा वेगळा विभाग सुरू झाला. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने बाईंना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

हे सगळे त्यांनी कुठून केले? अंथरुणावरून. मे १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना कडक ताप आला होता. दूषित दुधातून पसरणारा ब्रुसेलोसिस हा आजार असावा, असे आज बरेच जण मानतात. त्या दुखण्याने त्यांचा पाठलाग सोडला नाही. १८५७ नंतरची कित्येक वर्षे त्या खोलीबाहेर क्वचितच पडल्या. मंत्री, डॉक्टर, इंजिनिअर त्यांच्या भेटीची वेळ मागून घेत, आणि हजारो पत्रे त्या खोलीतून बाहेर जात.

आता थोडे माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे मी बाईंच्या या बाजूवर एवढा भर का देते ते कळेल. वॉर्डात असताना मी एक वही ठेवत असे. अंथरुणाला खिळलेल्या किती रुग्णांना पाठीवर जखमा झाल्या, कोणत्या आठवड्यात झाल्या, त्या आठवड्यात रात्रपाळीला किती सिस्टर होत्या, एवढेच त्यात लिहायचे. कुशीवर वळवायला माणूस नसेल तर जखम होणारच. सहा-सात महिन्यांनी वहीतले आकडे बोलू लागले. ज्या आठवड्यांत रात्रपाळीला एकच सिस्टर, त्या आठवड्यांत जखमा जास्त. मी त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. काही दिवसांनी तपासणीला पाहुणे येणार होते, तेव्हा तो तक्ता उतरवून ठेवायला सांगण्यात आले. सिस्टरने सेवा करावी, हिशेब करणारे वेगळे आहेत, असेही ऐकवण्यात आले. मी तक्ता उतरवला आणि वही चालू ठेवली. पुढे त्याच विषयावर रीतसर संशोधन केले. आज नर्सिंगमध्ये एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुली रुग्णाला किती वेळाने वळवावे, हात कसे धुतले तर जंतुसंसर्ग घटतो, पक्षाघाताच्या रुग्णाला घरचे लोक व्यायाम कसा देतात, अशा साध्या वाटणाऱ्या प्रश्नांवर काम करतात. आपला व्यवसाय अशा प्रश्नांची उत्तरे मोजून शोधू शकतो, हा विश्वास नाइटिंगेलबाईंच्या कागदांतून आला आहे.

युद्ध चालू असतानाच लोकांनी बाईंच्या सन्मानार्थ निधी जमवला होता. तो चाळीस हजार पौंडांच्या वर गेला. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथल्या मुली पुढे जगभर गेल्या. १८६८ मध्ये ल्युसी ऑसबर्न आपल्याबरोबर पाच जणींना घेऊन ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचल्या. लिव्हरपूलच्या गरीबखान्याच्या रुग्णालयात ॲग्नेस जोन्स यांनी काम उभे केले. ज्यांच्याकडे दमडी नाही अशा आजाऱ्यालाही शिकलेली परिचारिका मिळाली पाहिजे, हा विचार तिथे पहिल्यांदा प्रत्यक्षात आला.

पण मला सगळ्यात जास्त शिकवले ते बाईंच्या एका फसलेल्या कामाने. त्याच निधीतून त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींना शिकवण्यासाठी बाळंतिणींचा एक वॉर्ड सुरू केला होता. काही वर्षांत तिथे बाळंतज्वराने बायका दगावू लागल्या. बाईंनी तो वॉर्ड १८६७ मध्ये बंद केला. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. इतर प्रसूतिगृहांचे आकडे त्यांनी गोळा केले, घरी होणाऱ्या बाळंतपणांच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि १८७१ मध्ये पुस्तक छापले. निष्कर्ष असा होता, की त्या काळच्या प्रसूतिगृहांत बाळंतिणीला घरापेक्षा जास्त धोका आहे. नर्सिंगची अध्वर्यू म्हणून जग जिला ओळखते, तिने स्वतःच्या नावाच्या निधीतून चालवलेला वॉर्ड स्वतः मोजला, आकडे विरोधात गेले तेव्हा तो बंद केला, आणि ते सगळे छापून जगापुढे ठेवले. आपल्या कामाबद्दल असे करणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता आपल्या देशाकडे येते. बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण चाळीस वर्षे त्यांचा जीव इथे अडकला होता. १८५७ नंतर इथे इंग्रज शिपायांची संख्या वाढली आणि त्यांच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. बाईंनी इथल्या छावण्यांना प्रश्नावली धाडली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, एका खोलीत किती माणसे झोपतात, असे प्रश्न होते. उत्तरांचे गठ्ठे लंडनला त्यांच्या खोलीत येऊन पडले. १८६३ चा अहवाल दोन हजार पानांच्या घरात गेला. इंग्रज शिपाई इथे वर्षाला हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, असे त्यातून दिसले. त्यानंतर बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. १८७३ मध्ये बाईंनी पुन्हा आकडे मांडले, तेव्हा ते प्रमाण हजारी १८ वर आले होते.

छावणीपासून सुरुवात झाली, पण आकड्यांनी बाईंना छावणीबाहेर नेले. शेजारच्या गावात पाणी घाण असेल तर बराक स्वच्छ ठेवून काय उपयोग? गाव का घाण आहे, तर पैसा नाही. पैसा का नाही, तर दुष्काळ, सारा आणि सावकार. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, हे आपण इतिहासात शिकलो. त्यानंतर १८७८ मध्ये बाईंनी लंडनच्या एका मासिकात हिंदी रयतेच्या कर्जबाजारीपणावर दीर्घ लेख लिहिला. पाटबंधाऱ्यांचा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्याचा विषय खेड्यांची स्वच्छता हा होता. मुंबई इलाख्यासाठी १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्या विषयावरही त्यांचे बारीक लक्ष होते. गावाकडून जो उपकर घेतला जातो त्यातून आधी त्या गावाच्या पाण्याची आणि स्वच्छतेची किमान सोय व्हावी, मग उरलेले बाकीच्या कामांना द्यावे, असा अर्ज त्यांनी १८९२ मध्ये भारतमंत्र्यांकडे केला. आपल्या सरपंच मित्राने हे वाक्य जरा सावकाश वाचावे. निधी कशावर आधी खर्च करायचा, हा वाद ग्रामसभेत आजही चालतो.

१८९६ मध्ये त्यांनी आणखी एक सूचना मांडली. गावातल्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलणारे, घरोघर जाऊन आरोग्याचे शिक्षण देणारे लोक तयार करावेत. नुसता कायदा करून किंवा दंड करून गाव स्वच्छ होत नाही, लोकांना पटावे लागते, हे त्यांना इंग्लंडच्या खेड्यांतल्या अनुभवातून कळले होते. आज आपल्या गावोगावी आशाताई रजिस्टर घेऊन फिरतात तेव्हा मला ही सूचना आठवते.

बाईंमध्ये दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांनाही मी ते सांगते. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून उपजतो, ही जुनी समजूत त्यांनी फार काळ धरून ठेवली. रोगजंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांना बराच वेळ लागला. मोजमाप बरोबर असूनही कारण चुकीचे धरता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांची सरकारी नोंदणी करावी, या मागणीला त्यांनी विरोध केला. चारित्र्य परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांना वाटे. आज नोंदणी क्रमांक असल्याशिवाय मी रुग्णाला हात लावू शकत नाही, आणि तेच योग्य आहे. सहकाऱ्यांकडून त्या फार कठोरपणे काम करून घेत. सिडनी हर्बर्ट आजारी असतानाही बाईंचा तगादा सुटला नाही, आणि १८६१ मध्ये ते गेले तेव्हा त्या मनाने कोसळल्या. इंग्रजी राज्य सुधारता येईल असे त्या मानत होत्या. ते नसावे, असा विचार त्यांनी केला नाही.

शाळेच्या या स्मरणिकेत सांगायलाच हवी अशी एक गोष्ट राहिली. १८९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाला लिहिले, की ऑक्सफर्ड विद्यापीठात समाजाच्या प्रश्नांसाठी संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापकाचे पद निर्माण करावे. सरकार एवढे कायदे करते, एवढा पैसा खर्च करते, त्यातून निघाले काय हे कोणी मोजत नाही, ही त्यांची तक्रार होती. काय मोजावे याचे विषयही त्यांनी दिले होते. त्यांतला एक शाळांचा होता. सरकारी खर्चाने मुले शिकून बाहेर पडतात, त्यांतली किती जण शाळा सोडल्यावर शिकलेले सगळे विसरून जातात, आणि शिक्षणाचा त्यांच्या पुढच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे त्यांना आकड्यांत हवे होते. ते पद निर्माण झाले नाही. प्रश्न मात्र अजून ताजा आहे. चाळीस-चाळीस वर्षांनी एकत्र येणाऱ्या आपल्यासारख्या बॅचेस त्याचे उत्तर द्यायला अगदी योग्य आहेत. मेळाव्यात कोणी किती कमावले हे विचारून झाले, की शाळेतले काय कामी आले हेही एकमेकांना विचारायला हरकत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर आठवीत आलेख कागदावर स्तंभालेख काढायला शिकवला होता. माझा वॉर्डातला तक्ता त्याच पद्धतीने काढलेला होता.

शेवटच्या वर्षांत बाईंची दृष्टी गेली, स्मृतीही मंदावली. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, पण तेव्हा त्याचा आनंद घेण्याच्या स्थितीत त्या नव्हत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमधल्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. राष्ट्राने वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला. साधेपणाने निरोप द्यावा ही बाईंची इच्छा असल्याने घरच्यांनी तो नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी त्यांना ठेवले. दगडावर त्यांचे पूर्ण नावसुद्धा नाही. नावाची दोन आद्याक्षरे, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख, एवढीच नोंद आहे.

दरवर्षी १२ मे हा त्यांचा वाढदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे त्या दिवशी मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात. ती शपथही बाईंनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे ती तयार झाली. दिवे विझवून झाल्यावर मी मुलींना वॉर्डात परत पाठवते आणि त्या दिवसाची नोंदवही पूर्ण भरायला सांगते.

आपली,
नर्सिंगला गेलेली वर्गमैत्रीण